जलपिसवा आणि विषारी नील-हरित शैवले

गोड्या पाण्याची तळी, पाझर तलाव, धरणांचे जलाशय व साचलेली डबकी यांत राहणाऱ्या, कवचधर संधिपाद प्राण्यांच्या क्लॅडोसेरा गणातील सूक्ष्म प्राण्यांना जलपिसवा म्हणतात. डॅफ्निया, मोइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा हे त्यांचे परिचित वंश होत. त्यांची लांबी बहुधा ०·५ ते ५ मिमी. असते. अंगावर पारदर्शक, शिंपल्यासारखे दुहेरी कवच असून डोके तेवढे बाहेर राहते. दुसऱ्या शृंगिकांच्या फटकाऱ्यांनी त्या उड्या मारीत पोहतात व या उड्यांवरूनच त्यांना पिसू हे नाव मिळाले. कुत्र्यामांजरांच्या अंगावरील पिसू हा कीटक असून त्याच्याशी त्यांचे नाते दूरचे आहे.

जलपिसू अन्न वेचून खात नाही. छातीवरील चपट्या पायांच्या हालचालींनी ती कवचाच्या आत पाण्याचा प्रवाह निर्माण करते आणि त्यातील सूक्ष्म शैवले व जंतू पायांवरील बारीक केसांच्या चाळणीने गाळून गिळते. पाण्यात जे तरंगत असेल तेच बहुतांशी तिच्या तोंडी जाते. तलावात नील-हरित शैवलांची बेसुमार वाढ झाली व त्यांतील विषारी जातींचे प्राबल्य वाढले, तर उपाशी राहणे किंवा विष खाणे असे दोनच मार्ग तिच्यापुढे उरतात. नील-हरित शैवले ही आधुनिक वर्गीकरणानुसार खरी शैवले नसून प्रकाशसंश्लेषण करणारे जंतू आहेत व त्यांना सायनोबॅक्टेरिया हे नाव रूढ झाले आहे. मराठीत मात्र जुने नाव अद्याप प्रचारात असल्याने येथे तेच वापरले आहे. गुरांना काही तासांत मारणारे विष मोहरीएवढा प्राणी कसे सोसतो आणि ही क्षमता त्याच्या जातीत मुळचीच असते की पिढ्यांच्या ओघात येते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. निर्णायक पुरावा अखेर मिळाला तो पाण्यात नव्हे, तर तळाच्या गाळात.

आरंभीचा अभ्यास : डच निसर्गवैज्ञानिक यान स्वामरडाम यांनी १६६९ मध्ये जलपिसूचे वर्णन केले. डॅनिश शास्त्रज्ञ ओ. एफ्. म्यूलर यांनी १७८५ मध्ये डॅफ्निया हा वंश प्रस्थापित केला. पुढील विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे संशोधन सर जॉन लबक यांचे आहे. डॅफ्नियामध्ये प्रजोत्पादनाच्या दोन रीती असतात हे त्यांनी १८५७ मध्ये सविस्तर दाखविले. अन्न व पाणी मुबलक असताना माद्या नराविना, म्हणजे अनिषेकजननाने, आपल्यासारख्याच माद्यांना जन्म देतात. गर्दी झाली, अन्न घटले किंवा ऋतू पालटू लागला की काही नर जन्मतात. मीलनानंतर मादी जाड आवरणाची दोन अंडी घालते व ती तिच्या पाठीवर खोगिराच्या आकाराच्या काळपट पेटीत बंद होतात. कात टाकताना ही पेटी सुटून तळाशी जाते. त्यातील अंडी थंडी, उन्हाळा व पाण्याचा पूर्ण अभावही सोसतात आणि अनुकूल काळ आला म्हणजे उबतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळ्यात पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत जलपिसवा दिसू लागतात, त्याचे कारण हेच होय.

या इतिहासाचा एक धागा वऱ्हाडाच्या शेजारी नागपुरापर्यंत येतो. स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ पासून नागपुरास होते. धर्मप्रसाराइतकाच त्यांचा ओढा परिसरातील खडक, जीवाश्म व जमाती यांच्या अभ्यासाकडे होता. नागपूरच्या पाण्यातून त्यांनी गोळा केलेले सूक्ष्म कवचधर प्राणी लंडनला पोहोचले आणि ब्रिटिश म्यूझीयममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये त्यांतील एका द्विपुटी कवचाच्या प्राण्याला हिस्लॉप यांचे नाव दिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉप मरण पावले. त्या प्राण्याचे महत्त्व त्यांच्या हयातीत कोणालाच कळणे शक्य नव्हते. नॉर्वेजियन प्राणिवैज्ञानिक जी. ओ. सार्स यांनी १८८७ मध्ये त्यासाठी सायक्लेस्थेरिया हा स्वतंत्र वंश स्थापिला. याची पिले जलपिसूच्या पिलांप्रमाणेच आईच्या कवचाच्या आत पूर्ण वाढतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शरीररचना व जीन यांच्या तुलनेवरून सायक्लेस्थेरिया हा जलपिसवांचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक असल्याचे मत दृढ झाले.

सार्स यांची पद्धत येथे विशेष उल्लेखनीय आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधून कार्ल लुमहोल्ट्स या प्रवाशाने पाठविलेला वाळलेला चिखल त्यांनी नॉर्वेत पाण्यात भिजत घातला आणि त्यातून जिवंत जलपिसवा वाढविल्या. त्यांचे वर्णन १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. डॅफ्निया लुमहोल्ट्झी ही भारतातही आढळणारी जाती त्याच वेळी प्रथम वर्णिली गेली व सायक्लेस्थेरियाही अशाच चिखलातून त्यांच्या हाती आला. चिखल पाठवावा व प्राणी मिळवावेत, ही युक्ती त्या काळी दूरदेशीचे नमुने मिळविण्यापुरतीच मानली गेली. गाळाच्या थरांत निरनिराळ्या काळांतील पिढ्या साठलेल्या असतात, या गोष्टीचा उपयोग होण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

विषाची ओळख : नील-हरित शैवलांच्या विषारीपणाची शास्त्रीय नोंद प्रथम ऑस्ट्रेलियात झाली. अ‍ॅडिलेडचे रसायनज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये मरी नदीच्या मुखाजवळील अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या तैलरंगासारखी जाड साय धरल्याचे व ते पाणी प्यालेली मेंढरे, घोडे, कुत्री व डुकरे मेल्याचे नेचर या नियतकालिकात कळविले. ती साय नॉड्युलॅरिया या शैवलाची होती. विष वेगळे काढण्याचे काम कॅनडात ऑटावा येथे झाले. तेथे बिशप, अ‍ॅनेट व गोरम यांनी १९५९ मध्ये मायक्रोसिस्टिस या सर्वत्र आढळणाऱ्या शैवलातून उंदरांना झटपट मारणारे पेप्टाइड मिळविले. त्याला पुढे मायक्रोसिस्टिन हे नाव पडले. सात अमिनो अम्लांची कडी अशी त्याची रचना १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील संशोधनातून स्पष्ट झाली व आज त्याचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. पेशींतील प्रथिनांवरील फॉस्फेट काढणाऱ्या एंझाइमांना ते निकामी करते आणि माणसात व गुरांत त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये अशा दूषित पाण्यावर चालविलेल्या रक्तशुद्धीकरण केंद्रातील पन्नासाहून अधिक मूत्रपिंडरुग्ण दगावले. पाणी उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही, ही बाब सर्वसामान्यांना क्वचितच ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचविली.

सर्वच नील-हरित शैवले विषारी नसतात. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्याला हिरवा रंग देणारे स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे शैवल तर अन्न म्हणून वापरले जाते. एकाच मायक्रोसिस्टिस जातीतही विषारी व निर्विष वाण शेजारीशेजारी वाढतात व नुसत्या डोळ्यांनी, किंबहुना सूक्ष्मदर्शकानेही, ते वेगळे ओळखता येत नाहीत.

विष की निकस अन्न : जर्मनीतील व्हिन्फ्रीट लाम्पर्ट यांनी १९८१ मध्ये नील-हरित शैवलांचे डॅफ्नियावरील दोन परिणाम वेगळे केले : एक प्रत्यक्ष विषबाधा आणि दुसरा अन्न गाळण्याची गती मंदावणे. पण दोहोंचे मूळ एकच की निरनिराळे, हे ठरविण्यास साधन नव्हते. ते साधन १९९७ मध्ये मिळाले. त्या वर्षी मायक्रोसिस्टिन तयार करणारा जीन मोडलेला एक वाण प्रयोगशाळेत बनविण्यात आला. बाकी सर्व बाबतींत तो मूळ वाणासारखाच होता. दोन्ही वाण डॅफ्नियाला खाऊ घालून रोरलाक व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले, की प्राण्याचा मृत्यू मायक्रोसिस्टिनमुळे होतो. खाणे मंदावणे मात्र विष नसलेल्या वाणानेही घडते.

याशिवाय तिसरी अडचण पोषणाची. कवचधर प्राण्यांना स्टेरॉले स्वतः बनविता येत नाहीत, ती अन्नातून मिळवावी लागतात. आणि नील-हरित शैवलांत ती जवळजवळ नसतात. अशा अन्नावर डॅफ्नियाची वाढ खुंटण्यास ही उणीवही कारणीभूत आहे, हे फोन एलर्ट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सिद्ध केले. जुन्या प्रयोगांत या तीन गोष्टींची सरमिसळ झालेली असल्याने त्यांचे निष्कर्ष आज जपून वाचावे लागतात.

गाळातील अंडी : जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवर खोल व थंड आहे. सन १९५० च्या सुमारास त्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी फॉस्फरस होते. शहरांचे सांडपाणी, धुलाईची चूर्णे व खते यांमुळे ते वाढत जाऊन १९८० च्या सुमारास ८० मायक्रोग्रॅमपलीकडे गेले आणि नील-हरित शैवले वाढू लागली. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली व फॉस्फरस पुन्हा उतरले. एखाद्या जलाशयाच्या बिघडण्याची व सुधारण्याची इतकी पूर्ण नोंद फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे नेल्सन हेअर्स्टन व त्यांचे यूरोपीय सहकारी यांनी या सरोवराच्या तळाचा गाळ नळीने उभा काढला, थरांची वर्षे ठरविली व निरनिराळ्या थरांतील डॅफ्निया गॅलिएटा या जातीची खोगीरपेट्यांतील अंडी उबविली. उबलेली प्रत्येक मादी अनिषेकजननाने वाढविल्यावर तिचे स्वतंत्र कूळ तयार होते. या कुळांना एकदा उत्तम हिरवे शैवल आणि एकदा त्यात विषारी मायक्रोसिस्टिस मिसळलेले अन्न देऊन पिलांच्या वाढीतील फरक मोजण्यात आला. प्रदूषणापूर्वीच्या काळातील कुळांची वाढ विषारी अन्नावर फारच घटली. प्रदूषणाच्या ऐन काळातील व नंतरच्या कुळांची घट पुष्कळच कमी होती. म्हणजे जातीतील सहनशील कुळांचे प्रमाण केवळ दशकभरात वाढले होते. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नैसर्गिक निवडीने होणारा बदल हजारो वर्षांचा असतो, असे मानण्याची सवय असलेल्यांना हा निष्कर्ष धक्का देणारा होता. हयात प्राण्यांची त्यांच्याच पूर्वजांशी जिवंत तुलना त्यात साधली होती, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

या पद्धतीला मर्यादा आहेत. थरांतील सगळीच अंडी उबत नाहीत. उबतात ती त्या काळाची खरी प्रतिनिधी असतीलच असे नाही. तथापि अन्यत्र झालेल्या कामाने मूळ निष्कर्षाला बळकटी मिळाली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सार्नेल व विल्सन यांना २००५ मध्ये असे आढळले, की पोषणद्रव्यांनी भरलेल्या तळ्यांतील डॅफ्निया पुलिकेरिया स्वच्छ तळ्यांतील त्याच जातीपेक्षा विषारी अन्न अधिक सोसते. मिनेसोटातील एका तळ्यात तर सुमारे ६०० ते ७०० वर्षांपूर्वीची अंडी उबविण्यात यश आल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले.

कॉन्स्टन्स सरोवराच्या कथेचा उत्तरार्ध २०२१ मध्ये पुढे आला. सरोवर पुन्हा स्वच्छ झाल्यावरच्या थरांतील अंडी तपासता ही सहनशीलता ओसरत गेल्याचे आढळले. विष सोसण्याची तयारी ठेवण्यास प्राण्याला काही किंमत मोजावी लागत असावी आणि गरज सरली की ती तयारी न ठेवणारी कुळे वरचढ ठरत असावीत. सहनशीलता ही एकदा मिळाली की कायमची, असे मानता येत नाही.

सहनशीलता शरीरात कशी येते, याबद्दलचे ज्ञान अजून तुटक आहे. जलपिसूच्या शरीरातील एक एंझाइम मायक्रोसिस्टिनला ग्लुटाथायोनशी जोडून कमी घातक करते, हे १९९८ मध्ये दिसले. नील-हरित शैवले जलपिसूची प्रथिने पचविणारी एंझाइमेही रोखून धरतात. त्यावर जलपिसू या एंझाइमांचे वेगळे, न रोखले जाणारे प्रकार तयार करते. विषारी अन्नावर जगलेल्या मातांची पिले तेच अन्न अधिक चांगले सोसतात, हे स्वीडनमध्ये २००५ साली सिद्ध झाले. अशा वेळी जीनांत बदल न होताही एका पिढीची तयारी पुढील पिढीस मिळते. बेल्जियममध्ये २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगात सहनशील जलपिसवांच्या आतड्यातील जंतू दुसऱ्या जलपिसवांत सोडले असता त्यांचीही सहनशक्ती बदलली. याचा अर्थ जलपिसूची सहनशीलता काही अंशी तिच्या पोटातील रहिवाशांची आहे.

वऱ्हाडातील जलाशय : वरील बहुतेक सर्व संशोधन थंड प्रदेशांतील खोल सरोवरांवर झालेले आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील परिस्थिती वेगळी आहे. वार्षिक पाऊस सुमारे ८०० मिमी. असून तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणातून व अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव, तसेच गावोगावचे पाझर तलाव उन्हाळ्यात आक्रसतात. पाणी जितके कमी तितकी त्यातील फॉस्फरस व नायट्रोजनाची संहती अधिक आणि संथ, उष्ण पाणी तर नील-हरित शैवलांना विशेष मानवते. नेमके याच काळात माणसे व गुरे यांना त्या पाण्याची गरज सर्वांत अधिक असते.

उष्ण पाण्यात मोठ्या आकाराच्या डॅफ्निया कमी व मोइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा यांसारख्या लहान जलपिसवा अधिक असतात. मायक्रोसिस्टिसच्या पेशी चिकट द्रवात गुंफून मोठे पुंजके बनवितात. ते लहान जलपिसूला गिळताच येत नाहीत, त्यामुळे विषापासून ती काही अंशी बचावते, परंतु शैवलांना आळाही घालू शकत नाही. त्यात भर माशांची. आपल्या तलावांत सोडला जाणारा कटला हा मासा मुख्यत्वे प्राणिप्लवकावर, म्हणजे जलपिसवांवरच, पोसतो. सहनशील जलपिसवा वाढतील व पाणी आपोआप निवळेल, ही परदेशी अनुभवावर बेतलेली अपेक्षा वऱ्हाडातील तलावांना जशीच्या तशी लावणे रास्त नव्हे.

शैवल मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकण्याचा उपाय जगभर केला जातो. संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी तो नित्य वापरला जात असल्याने या भागात तो घरोघरी परिचित आहे. पिण्याच्या पाण्याच्या तलावात त्याचा वापर धोक्याचा आहे, कारण मेलेल्या पेशी फुटून आतले विष एकदम पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणाच्या पाण्यात मोरचूद टाकल्यानंतर १४८ व्यक्ती आजारी पडल्या. त्यांत बहुसंख्य मुले होती. शिवाय तांब्याच्या अत्यल्प मात्रेनेही जलपिसवा मरतात. म्हणजे शैवल पुन्हा वाढू लागते तेव्हा ते खाणारे कोणी उरलेले नसते.

वऱ्हाडातील तलावांच्या गाळात गेल्या शतकाचा असाच इतिहास साठला आहे काय, हा प्रश्न साहजिक आहे. लोणारच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मी. लांबीच्या गाळाच्या नमुन्यावरून गेल्या अकरा हजार वर्षांच्या पर्जन्यमानाचा अभ्यास झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तेथील खारट, अल्कधर्मी पाणी डॅफ्नियाला मानवणारे नाही. गोड्या पाण्याच्या तलावांत अडचण निराळी आहे. काळी माती भिजली की फुगते व वाळली की तिला खोल भेगा पडतात. वरचा थर भेगेतून खाली जातो आणि वर्षांचा क्रम बिघडतो. दरवर्षी पूर्ण आटणारे पाझर तलाव त्यामुळे या कामाला निरुपयोगी ठरतात. ज्यांच्या मध्यभागी कडक उन्हाळ्यातही पाणी टिकते अशा जुन्या तलावांत व मोठ्या धरणांत मात्र क्रम शाबूत असण्याचा संभव आहे.

हा गाळ आता झपाट्याने हलविला जात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिला पुन्हा चालना दिली. बुलडाणा जिल्ह्यात तलाव खोल करून निघालेली माती व मुरूम महामार्गांच्या भरावासाठी वापरण्यात आला. साठवण वाढते आणि हलक्या जमिनीचा कस सुधारतो, हे फायदे निर्विवाद आहेत. परंतु गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत पुढील पावसाळ्यात उबणारी अंडी असतात व खालच्या थरांत त्यांच्या पूर्वजांची. संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला तर दोन्ही एकदम शेतात जातात. काही भाग न उकरता राखून ठेवावा आणि खोदाईपूर्वी मध्यभागी हातभर लांबीची नळी उभी रोवून गाळाचा एक नमुना काढून घ्यावा, एवढ्याने हे नुकसान पुष्कळ टळू शकेल. नमुना अंधारात व थंड जागी ठेवल्यास त्यातील अंडी अनेक वर्षे उबण्याजोगी राहतात. प्राणिविज्ञानाचा विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम होऊ शकते.